बाभूळवाडीचा शिकलेला पाळक

बाभूळवाडीच्या ख्रिस्तीवाड्यात कडूबा पाळकाला कोणी दारात उभं करत नव्हतं. तोंडावर शिवी द्यायची हिंमत कोणात नव्हती, कारण काही झालं तरी तो पाळक. बाप्तिस्मा, लग्न, माती सगळं त्याच्याच हातात. पण तो गल्लीत शिरला की बाया हातातलं सूप तसंच उचलून आत जायच्या आणि कवाड लावून घ्यायच्या. भुजंग हा मंडळीतला वडील, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांतला मुख्य माणूस. पाळक समोरून येताना दिसला की तो मुद्दाम बैल दामटायचा, सगळा फुफाटा त्या काळ्या कोटावर बसावा म्हणून. बरं, हा पाळक काही परमुलखातून आलेला नव्हता. ह्याच वाड्यात जन्मला, सोनूबाई सुइणीनं त्याची नाळ कापली, आणि आधीची लेकरं गेली, निदान हे तरी जगावं म्हणून कडूबा हे नाव ठेवलं तेही तिनंच. आपल्याच माणसांत एका वर्षात एवढं वैर कमवायला अक्कल लागते. कडूबाची अक्कल तर पदवी घेऊन आलेली होती.

आष्टीच्या पलीकडचं हे गाव. कडूबाचा बाप चावडी झाडायचा आणि अंमलदार आला की त्याच्या घोड्याला पाणी दाखवायचा. कडूबाला गावच्या शाळेच्या ओसरीवर बसू दिलं नाही, तेव्हा मिशनच्या शाळेनं आत घेतलं. तिथं तो शिकला, तिथंच मास्तर झाला, आणि त्याच्या मनानं एकच ध्यास घेतला. ह्याच गावात पाळक व्हायचं. ज्या पाटलानं बापाला जन्मभर ‘ए’ म्हणून हाक मारली, त्याच्या पोरांनी आपल्याला ‘पाळकसाहेब’ म्हणायचं. हा ध्यास खोटा नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला नुसता धोंडा म्हणून मोकळे व्हाल.

निजामाच्या राज्यात तेव्हा मिशनला शिकलेले देशी पाळक हवे होते. जालन्याच्या पाद्रीसाहेबांनी कडूबाला निवडलं आणि तीन वर्षांसाठी लांबच्या धर्मविद्यालयात पाठवलं. बायको द्वारका आणि लहानगा दानी बाभूळवाडीतच राहिले. दानी म्हणजे दानीएल. पण एवढं लांबलचक नाव वाड्यात कोण घेणार.

विद्यालयात शेवटच्या वर्षी एक नवाच विषय आला होता, दुःखी माणसाचं सांत्वन कसं करावं. आपल्याकडे हे काम शेजारीण करते, आत्या करते, रस्त्यानं जाणारी अनोळखी म्हातारीसुद्धा करते. पण तिथं त्याचे धडे होते. शिकवणारे प्राध्यापक विलायतेतून ताजं ज्ञान घेऊन आले होते. ते सांगायचे, एक प्रश्न विचारा आणि गप्प बसा. माणूस आपोआप बोलतो. त्याच्याबरोबर रडू नका, नाहीतर त्याला धीर कोण देणार? आणि स्वतःचं दुःख कधी मध्ये आणू नका, पाळकाचं दुःख फक्त देवाला माहीत असावं. आता ह्यात अगदीच चुकीचं काही नव्हतं. त्या प्राध्यापकांच्या मुलखात ते बराबर चालतही असेल.

वर्गात सोंगं घेऊन सराव व्हायचा. एकानं दुःखी व्हायचं, दुसऱ्यानं पाळक. बाकीची पोरं खोटं दुःख ऐकतानाही डोळे पुसायची आणि बोलणी खायची. कडूबाचे डोळे कोरडे राहायचे. तो पुढं वाकून, मान थोडी कलती ठेवून असा काही ऐकायचा की सोंग घेतलेला विद्यार्थी खरंच हुंदके द्यायला लागायचा. प्राध्यापक म्हणायचे, कडूबा जन्मजात पाळक आहे.

परीक्षा तोंडावर आली असताना बाभूळवाडीच्या मास्तरचं पत्र आलं. दानीला ताप भरला, उतरला नाही, लेकरू गेलं, मातीही झाली. तुम्ही जल्दी निघा. कडूबानं ते पत्र विहिरीच्या काठावर उभ्यानं वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच दिवशी गाडीत बसवून दिलं असतं आणि परीक्षा पुढच्या वर्षावर गेली असती. लेकरू तर गेलेलंच होतं. आता जाऊन काय करायचं, असा त्याचा हिशेब. बापाच्या मनात असला हिशेब येऊ शकतो ह्याची कुणालाही चीड येईल. त्याला स्वतःला मात्र ती आपली श्रद्धा वाटली. देवानं आपल्याला किती बळ दिलं बघ, असंच त्याच्या मनात आलं.

दुसऱ्याच दिवशी वर्गात सरावाची पाळी त्याची होती. समोरच्या विद्यार्थ्याला सोंगाची चिठ्ठी निघाली होती, लहान मूल वारलेल्या बापाची. कडूबा पुढं वाकला, मान कलती केली, आणि विचारलं, ‘मूल कसं होतं?’ तो विद्यार्थी मनानंच रचून रचून बोलत राहिला. मूल कसं हसायचं, कसं पाठीवर बसायचं. कडूबा ऐकत राहिला. सगळा वर्ग रडला. तास संपल्यावर प्राध्यापकांनी उठून त्याचा हात हातात घेतला आणि असं सांत्वन आपण विलायतेतही पाहिलं नाही म्हणाले. खिशातलं पत्र कडूबाच्या बरगडीला टोचत होतं. त्यानं खालमानेनं आभार मानले.

घरी त्यानं दोन ओळी धाडल्या, परीक्षा झाली की येतो, देवावर भरवसा ठेव. द्वारकाला वाचता येत नव्हतं. मास्तरानं त्या ओळी अंगणात सगळ्या बायांसमोर वाचून दाखवल्या. ऐकल्यावर सोनूबाईनं मास्तरालाच विचारलं, ‘खालचं वाच ना. अजून आसंल की.’ मास्तरानं कागद उलटा करून कोरी बाजू दाखवली.

पहिल्या नंबरानं पास होऊन, काळा कोट घालून कडूबा गावी आला तो दिवस बाभूळवाडी अजून विसरलेली नाही. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. घरात मौत झाली आणि जवळचा माणूस मागाहून आला, की तो उंबऱ्यात पाय ठेवतो तेव्हा दुःख पुन्हा नवं होतं. बाया येतात, त्याच्या गळ्यात पडून हेल काढून रडतात, त्यालाही रडवतात. मग शेजारून भाकरी येतात, चार जण हाताला धरून त्याला जेवायला बसवतात. त्याला कडू घास म्हणतात. तो पोटात गेला की माणूस पुन्हा माणसांत आला असं धरतात. ख्रिस्ती झाले म्हणून वाड्यानं ही रीत सोडली नव्हती. येशूनं कुठं भाकरीला ना म्हटलंय, असं सोनूबाई म्हणायची.

त्या दिवशी सगळा वाडा जमला होता. शेजारच्या तुळजाबाईनं ज्वारीच्या भाकरींची दुरडी आणली होती, वर पिठल्याचं गाडगं. सोनूबाई पुढं झाली, कडूबाच्या गळ्याकडं हात नेले आणि दानीचं नाव घेऊन तिनं हेल काढला. कडूबानं तिचे हात धरून हळूच खाली केले.

‘बायांनो, शांत व्हा,’ तो म्हणाला. ‘लेकरू देवाघरी सुखात आहे. रडायचं काही कारण नाही. आपण प्रार्थना करू आणि आपापल्या घरी जाऊ.’

त्यानं प्रार्थना केली. चांगली केली. मग तुळजाबाईकडं वळून म्हणाला, ‘दुरडी परत न्या. आमच्याकडे चूल पेटलेली आहे.’

द्वारका दारामागं उभी होती. नवरा आल्यावर त्याच्यासमोर एकदा पोटभर रडायचं म्हणून तिनं इतके दिवस दम धरला होता. बाया माघारी वळल्या. तुळजाबाईनं त्या भाकरी घरी कोणाला खाऊ दिल्या नाहीत, कडू घासाच्या भाकरी परत आल्या तर घरात ठेवत नाहीत. तिनं त्या गावाबाहेर कुत्र्यांना टाकल्या आणि येताना पाळकाच्या घराकडं बघून थुंकली.

आता मिशनचा नियम असा, की नव्या पाळकाची पहिलं वर्षभर कच्ची नेमणूक. वर्ष सरलं की पाद्रीसाहेब येणार, मंडळीला विचारणार, आणि बाया-पुरुष हात वर करून सांगणार. हात कमी पडले तर पाळकपद गेलं. मग त्याला कोणत्याच मंडळीत पाळक होता येत नव्हतं, मिशनच्या कचेरीत कारकुनी करायची. कडूबाला हे पक्कं माहीत होतं. म्हणून त्यानं कंबर कसली आणि सांत्वनाला लागला.

रोज संध्याकाळी तो एकेका घरी जाऊन बसायचा. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प. आपल्या लोकांना गप्प बसलेला पाहुणा सोसत नाही. काहीतरी बोलून ती जागा भरल्याशिवाय त्यांना राहवत नाही. भुजंगनं असंच बोलता बोलता सांगून टाकलं, की विहिरीत पडून मेलेला धाकटा भाऊ पाय घसरून पडला नव्हता. त्या सकाळी बांधावरून दोघांचं भांडण झालं होतं आणि आपण त्याला ‘जा मर’ म्हणालो होतो. तुळजाबाईनं सांगितलं, की आपण म्हणतो तशी पोरगी मावशीकडं नाही, जालन्याला जिनिंगमधल्या एका माणसाबरोबर पळून गेलीय. कडूबानं मान कलती ठेवून ऐकलं, प्रार्थना केली आणि निघून गेला. त्यातलं अक्षर त्यानं कुणाला सांगितलं नाही. ही गोष्ट त्याच्या बाजूनं लिहिलीच पाहिजे. त्याचं पोट समुद्राएवढं होतं.

पण दुसऱ्या दिवशी भुजंगला त्याचं तोंड बघवेना. आपल्याकडं दुःखाची देवघेव असते. तू तुझं सांग, मी माझं सांगतो, मग दोघंही सारखे. इथं सगळ्यांनी आपली पोटं उघडी केली होती आणि हा कोटाची गुंडीसुद्धा न काढता बसला होता. जो तो मनाशी म्हणायला लागला, ह्याच्याजवळ आपलं सगळं आहे आणि आपल्याजवळ ह्याचं काहीच नाही. भीतीचा राग झाला. पाळक प्रवचनात पापाविषयी बोलला की प्रत्येकाला वाटायचं, आता हा माझंच काढतो.

एकट्या सोनूबाईनं त्याला स्पष्ट सांगितलं. तो तिच्या अंगणात येऊन बसला आणि तिच्या तरण्या मेलेल्या लेकीबद्दल त्यानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, ‘आधी तुझं सांग.’

‘माझं काय सांगायचं, मावशी?’

‘लेकरू गेलं न्हाई का तुझं? त्याचं सांग. मंग मी माझं सांगते. असंच आसतंय ते. तू आपला समद्यांचं नुसतं गोळा करून राह्यलास.’

‘पाळकानं आपलं दुःख लोकांवर लादायचं नसतं. आम्हाला तसं शिकवलंय.’

‘मंग ज्यानं शिकवलं त्याच्या अंगणात जाऊन बस,’ सोनूबाई म्हणाली. ‘ऊठ. माझी जागा मोकळी कर.’

तो उठला. म्हातारी अडाणी आहे, तिला वेळ लागेल, असं मनाशी म्हणत घरी आला. घरी द्वारका भाकर वाढायची, तो प्रार्थना करून जेवायचा आणि दुसऱ्या दिवशी कोणाकडं जायचं ते ठरवायचा. त्या घरात दानीचं नाव निघत नव्हतं. बायको धीराची आहे, आपल्यासारखीच, असं त्यानं धरून चाललेलं होतं.

वर्ष सरलं. सुगीनंतर पाद्रीसाहेब टांग्यातून आले. शाळेच्या खोलीत मंडळी बसली, बाया एका अंगाला, पुरुष एका अंगाला. साहेबांना खरं तर घाई होती. एवढा शिकलेला पाळक, विचारायचं काय त्यात. त्यांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, ‘कडूबा पाळक पक्के व्हावेत असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.’

तुळजाबाईनं सगळ्यांत आधी हात वर केला. जिनं भाकरी कुत्र्याला टाकल्या तिनं. तिच्या पोरीची गोष्ट त्याच्या पोटात होती, आणि चिडलेला पाळक काय बोलून जाईल ह्याचा नेम काय. अशीच आणखी काही भ्यालेली माणसं होती, त्यांचेही हात वर गेले. भुजंगनं हात घडी घालून काखेत दाबले आणि तो पाळकाकडं रोखून बघत राहिला. ज्याचा राग भीतीपेक्षा मोठा होता तो प्रत्येक जण तसाच बसला. साहेबांनी मोजलं, कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा मोजलं. निम्म्याला एक हात कमी होता.

तेवढ्यात साहेबांची नजर बायांच्या अंगाला बसलेल्या द्वारकाकडं गेली आणि ते हसले. ‘अरे, पाळकीणबाई राहिल्याच की. लाजू नका बाई, तुमचाही हक्क आहे.’

सगळ्यांच्या माना वळल्या. कडूबालाही हसू आलं, सुटकेचं. द्वारकाचे दोन्ही हात मांडीवर होते. तिनं ते उचलले नाहीत. साहेबांनी पुन्हा विचारलं, तिला समजलं नसेल म्हणून अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं. ती मान खाली न घालता समोर बघत बसली, आणि हात मांडीवरच राहिले. ‘मंडळीला नको असलेला पाळक मी लादणार नाही,’ असं म्हणून साहेबांनी टोपी उचलली.

घरी आल्यावर कडूबानं कवाड लावलं. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्यावर ओरडला.

‘हात का वर केला नाहीस?’

‘कामून करू?’ द्वारका म्हणाली.

‘माझा जन्म गेला ह्या एका गोष्टीपायी. तुला माहीत होतं.’

‘समद्यांच्या घरी जाऊन बसलात,’ ती म्हणाली. ‘भुजंगभाऊच्या बसलात, तुळजाक्काच्या बसलात. त्यांच्या मेलेल्याचं, गेलेल्याचं इचारलं. माझ्याजवळ बसून एकदा तरी इचारलं का, दानी कसा गेला म्हणून?’

कडूबा आठवू लागला आणि त्याच्या ध्यानात आलं, की लेकरू सकाळी गेलं की संध्याकाळी हेसुद्धा आपल्याला माहीत नाही.

‘ताप होता,’ तो म्हणाला. ‘मास्तरच्या पत्रात होतं.’

‘ताप तर गावच्या कुत्र्याला ठाऊक हाय. त्यो जाताना बोलला. तुमचं नाव काढून बोलला. सोनूमावशी होती, तुळजाक्का होती, समद्यांनी ऐकलं. वाड्यात समद्यांला माहीत हाय ते. तुमालाच न्हाई.’

‘काय बोलला?’

‘आता इचारून राह्यलात.’

‘द्वारका, काय बोलला तो?’

त्याचा आवाज फाटला होता. मान कलती करायचं भान त्याला राहिलं नव्हतं, तो सरळ तिच्यापुढं जमिनीवर बसला होता. तिनं त्याच्याकडं बघितलं. तिच्या नजरेत कीव नव्हती, एक वर्षाचा साठलेला द्वेष होता.

‘त्या दिशी मी दारामागं हुभी व्हते,’ ती म्हणाली. ‘तुमी माझं रडणं माघारी लावलं. त्याच दिशी तुमाला सांगणार व्हते. आता न्हाई सांगणार.’

कडूबा जालन्याला मिशनच्या कचेरीत कारकून झाला. द्वारका त्याच्यासोबत गेली. काडीमोड घेणाऱ्यांतली ती नव्हती. तिनं त्याचा संसार केला, भाकरी थापल्या, त्याच्या आजारपणात उशाशी बसली. तो आधी रोज विचारायचा. मग नाताळला विचारायचा, मग दानीच्या वाढदिवसाला. ती म्हणायची, ‘जेवून घ्या.’ पुढं त्यानं विचारणं सोडलं, पण ती काही बोलण्यासाठी तोंड उघडायची तेव्हा तो हातातलं काम थांबवायचा. ती मीठ संपल्याचं सांगायची.

इंग्रज गेल्यानंतरच्या थंडीत द्वारका गेली. शेवटच्या दिवशी तो तिच्या तोंडाजवळ कान नेऊन बसला होता. तिनं पाणी मागितलं आणि भिंतीकडं कूस बदलली.

निजामाचं राज्य मोडायला आलं होतं तो उन्हाळा. रस्ते सुखाचे नव्हते. हत्यारं घेतलेली टोळकी फिरत होती आणि शहाणी माणसं घर सोडत नव्हती. कडूबा आष्टीपर्यंत कशी तरी गाडी मिळवून आला आणि पुढं भर उन्हात पायी निघाला. अंगात साधा सदरा होता. बाभूळवाडीत तो आधी भुजंगच्या दारात गेला. भुजंग म्हातारा झाला होता. ‘माझ्या तोंडून न्हाई निघायचं, मास्तर,’ एवढंच तो म्हणाला आणि आत वळला. त्यानं कडूबाला तेव्हाही पाळक म्हटलं नव्हतं, आताही म्हटलं नाही. तुळजाबाईनं कवाडाच्या फटीतून बघितलं आणि कडी घातली.

सोनूबाईची दोन्ही डोळ्यांची नजर गेली होती. ती अंगणात बाजेवर बसली होती. कडूबा तिच्या पायाशी बसला आणि सांगायला लागला. पत्र कसं आलं, विहिरीपाशी कसं वाचलं, दुसऱ्या दिवशी वर्गात खोट्या लेकरासाठी कसं बसला, परीक्षेसाठी खऱ्या लेकराला कसं सोडलं. सांगता सांगता त्याचा बांध फुटला आणि तो लहान पोरासारखा मोठ्यानं रडला. वाड्यात सगळ्यांनी ऐकलं. कोणी बाहेर आलं नाही. सोनूबाईनं त्याला मध्ये थांबवलं नाही.

‘मावशी,’ तो शेवटी म्हणाला, ‘द्वारकाबी गेली. आता तर सांग. काय म्हणला माझा दानी?’

‘तिनं शपथ घातली हाय, कडूबा. समद्यांला घातली हाय.’

‘मी बाप हाय त्याचा.’

‘म्हणूनच घातली,’ सोनूबाई म्हणाली. मग तिनं बाजेखालची काठी चाचपून घेतली आणि भिंतीला हात लावत ती घरात गेली.